सूज उतरली, गाठ तिथेच होती

घोडेगावला माझ्या फुफी राहतात. त्यांच्या हातच्या खट्ट्या दाळीचे आमच्या सगळ्या खानदानात नाव आहे. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तर करपल्याचा वास दारापर्यंत येत होता. आत पातेल्याचे बूड काळे झालेले, स्वयंपाकघरात धूर, आणि फुफी गॅसपासून दोन हातांवर बसून कोथिंबीर निवडत होत्या. "फुफी, दाळ जल गई!" मी ओरडले. त्यांनी शांतपणे वर पाहिले आणि म्हणाल्या, "अच्छा? मेरेकू तो बास नहीं आई."

त्या दिवशी आम्ही हसलो. सर्दी असेल म्हणालो आणि विसरून गेलो.

पुढच्या काही महिन्यांत फुफी बदलत गेल्या. नमाजच्या इतक्या पाबंद, पण आता अस्रची अजान होऊन जाई तरी त्यांना भान नसे. विचारले तर उत्तर देत, आपणहून मात्र बोलत नसत. नातवंडे अंगावर चढली तरी लक्ष नाही. सकाळी उठल्यावर डोके दुखे, एखादी उलटी होई आणि दहा-अकरापर्यंत बरे वाटे. घरच्यांनी त्याला पित्त म्हटले, शेजाऱ्यांनी वय म्हटले आणि एका नातेवाईक बाईंनी 'असर' म्हटले. मग ताईत आला, दम केलेले पाणी आले. दुआला कोणाची ना नाही, ती करायचीच. पण इलाज करावा, ही शिकवणही प्रेषित मुहम्मद (स.) यांचीच आहे. आम्ही अर्धीच शिकवण पाळली.

एका पहाटे फज्रच्या वेळी फुफींना झटका आला. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. भाभी चप्पल हुंगवायला धावली, तर मोठा मुलगा दातांत चमचा घालू लागला. हे आपल्या घराघरांत होते, म्हणून इथेच सांगते. झटका आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नाही, पाणीसुद्धा नाही. चप्पल-कांद्याचा काही उपयोग नसतो. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करायच्या, हातपाय दाबून धरायचे नाहीत, झटका ओसरू लागला की माणसाला एका कुशीवर वळवायचे आणि घड्याळाकडे पाहायचे. पाच मिनिटांत थांबला नाही, लागोपाठ दुसरा आला किंवा आयुष्यातला पहिलाच असेल, तर 108 ला फोन करायचा.

पुण्यात एमआरआय झाला. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवले तेव्हा मी सोबत होते. कपाळामागे, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध वर, साधारण लिंबाएवढी गाठ होती. पण माझे लक्ष गाठीकडे गेलेच नाही. तिच्याभोवती मेंदूत दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा पसरला होता, गाठीच्या कितीतरी पट मोठा. "ही सगळी सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "गाठ बऱ्याच वर्षांची असणार. तुमच्या फुफींना सध्या जो त्रास होतोय, त्यातला बराचसा या सुजेचा आहे."

गाठीचे नाव मेनिन्जिओमा. ही मेंदूची गाठ नव्हे, मेंदूवरच्या आवरणाची. कवटीच्या आत मेंदू तीन पापुद्र्यांत गुंडाळलेला असतो. त्यातला सर्वांत बाहेरचा पापुद्रा जाड आणि चिवट असतो. त्याला डॉक्टर 'ड्युरा मॅटर' म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ 'कठीण आई'. मेंदूच्या पापुद्र्याला आई का म्हणावे? मी उर्दू शिकवते, त्यामुळे याचे उत्तर सापडले तेव्हा मला फार आनंद झाला. दहाव्या शतकातले हकीम अली इब्न अब्बास अल-मजूसी यांनी आपल्या 'किताब अल-मलिकी'त या आवरणांना उम्मुद्दिमाग, म्हणजे मेंदूची आई, असे म्हटले होते. 1127 मध्ये स्टीफन नावाच्या अनुवादकाने हा ग्रंथ लॅटिनमध्ये नेला तेव्हा त्याने शब्दाला शब्द ठेवला. आज जगातला प्रत्येक डॉक्टर जो शब्द वापरतो, तो अरबीतून असा गेला आहे. फुफींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "मां के पल्लू में गठान, बोल ना सीधा." पल्लूतली गाठ! वर्गात समजावून सांगताना मलाही इतके सोपे सुचले नसते.

या गाठी सहसा मधल्या पापुद्र्याच्या पेशींतून उगवतात आणि जाड आवरणाला चिकटून वाढतात. बहुतेक सौम्य असतात, म्हणजे कर्करोगासारख्या शरीरभर पसरत नाहीत, आणि फार सावकाश वाढतात. स्त्रियांमध्ये त्या पुरुषांच्या साधारण दुपटीने आढळतात, तेही जास्त करून चाळिशी-पन्नाशीनंतर. काही जणींना तर त्या असल्याचे कधी कळतही नाही. दुसऱ्याच कारणासाठी स्कॅन काढला की दिसतात आणि डॉक्टर नुसती नजर ठेवायला सांगतात. म्हणून 'डोक्यात गाठ' हे शब्द ऐकताच घरात मातम सुरू करण्याचे कारण नाही.

मग फुफींसारख्यांचे बिघडते कुठे? जवळपास निम्म्या मेनिन्जिओमांच्या भोवती मेंदूला सूज येते. ही सूज मार लागल्यावर हाताला येते तशी नसते. गाठीला वाढायला रक्त लागते. ते मिळवण्यासाठी ती एक रसायन सोडते, त्याने नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि जुन्या झिरपू लागतात. एरवी मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार घट्ट विणलेल्या असतात, वाटेल ते आत जाऊ देत नाहीत. ती वीण सैल झाली की रक्तातले पाणी झिरपते आणि मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात पसरत जाते. त्यात गाठीने जवळची शीर दाबली, तर पाण्याचा निचराही अडतो. कॅनॉलला भेग पडून शेजारच्या वावरात पाणी साचते, पिकाच्या मुळ्या गुदमरतात, तसेच काहीसे. आणि इथे एक चकवा आहे. सूज गाठीच्या मापाने येत नाही. छोट्या गाठीभोवती भलीमोठी सूज असू शकते आणि मोठी गाठ सुजेशिवाय वर्षानुवर्षे बसून राहू शकते.

कवटी हाडाची, ती फुगत नाही. आत पाणी वाढले की दाब वाढतो. आडवे झोपल्यावर तो आणखी वाढतो, म्हणून पहाटे डोके दुखते, उलटी होते आणि उठून बसल्यावर हळूहळू हलके वाटते. पुढचा त्रास सूज कुठे आहे त्यावर अवलंबून. कोणाचा एक हात किंवा पाय जड होतो, कोणाला शब्द सापडत नाहीत, कोणाला अंधुक दिसते, कोणाला झटके येतात. कपाळामागच्या भागात असली तर माणूस थंड पडतो, बेपर्वा होतो. तिथेच खाली वासाच्या नसा असतात, त्यांच्यावर गाठ बसली की वास जातो. करपलेली डाळ हे फुफींच्या गाठीचे पहिले पत्र होते. आम्ही ते उघडले नाही.

हे पाणी चित्रात दिसते कसे, असे मला शाळेतल्या मुलांनी विचारले. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या मुलांना उत्तर देणे सोपे आहे, कारण खोडदची दुर्बीण त्यांनी पाहिलेली असते. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या असलेली ती महाकाय दुर्बीण डोळ्याने काही पाहत नाही, ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकते. त्यातल्या काही लहरी हायड्रोजनच्या असतात. एमआरआयचे यंत्रही हायड्रोजनच्याच रेडिओ लहरी ऐकते, फक्त आपल्या शरीरातल्या. मोठ्या चुंबकात माणसाला झोपवतात, त्याच्या अंगातल्या पाण्यात हायड्रोजन असतोच, तो यंत्राला प्रतिसाद देतो आणि जिथे पाणी जास्त तिथली जागा काही चित्रांत पांढरी उमटते. यात क्ष-किरण नसतात. यंत्र ठक-ठक आवाज फार करते, पण दुखत काही नाही. बायकांनी आत जाण्यापूर्वी बांगड्या, नथ, सेफ्टी पिना सगळे काढायचे. हिजाबची पिनही.

आता खरी गोष्ट.

फुफींना डेक्सामेथासोन नावाच्या गोळ्या सुरू झाल्या. हे स्टिरॉइड आहे. कोरोनाच्या काळात बऱ्याच घरांना ते नाव पाठ झाले होते. मेंदूच्या सुजेवर ते 1961 पासून वापरात आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या गॅलिसिच आणि फ्रेंच या डॉक्टरांनी त्याचा गुण दाखवून दिला. हे औषध रक्तवाहिन्यांची सैल झालेली वीण पुन्हा आवळते, झिरपणे कमी करते. दीड-दोन दिवसांतच फरक दिसू लागतो आणि तो पाहून माणूस थक्क होतो. आम्ही झालो. तिसऱ्या दिवशी फुफींनी स्वतःहून सुनेला विचारले, "बच्चों ने खाया क्या?" घरात सगळे रडले. डोकेदुखी गेली, उलटी गेली, भूक इतकी लागली की रात्री उठून त्या बिस्किटे खाऊ लागल्या.

डॉक्टरांनी तीन आठवड्यांनंतरची ऑपरेशनची तारीख दिली होती. तोवर गोळ्या चालू ठेवायच्या, झटक्याच्या गोळ्याही, आणि पोटात जळजळ होऊ नये म्हणून आणखी एक. पण घरी आल्यावर विचार फिरला. फुफी तर ठणठणीत दिसत होत्या. "आता कशाला कवटी उघडायची?" मोठा मुलगा म्हणाला. "गोळ्यांनीच गाठ विरघळत असेल." कोणीतरी सांगितले की स्टिरॉइडने हाडे पोकळ होतात, किडनी जाते. त्यातच रमजान आला.

पहिले दोन रोजे फुफींनी सहरीला गोळ्या घेऊन ठेवले. दुपारचा डोस राहिला. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, आता या गोळ्या नकोतच, मला काही होत नाही, इतक्या वर्षांत माझा एक रोजा गेलेला नाही. मी त्या दिवशी तिथे होते. मी बीएड झालेली, वर्गात विज्ञानदिन साजरा करणारी बाई. मला ते खटकले, पण एवढ्या मोठ्या माणसाला रोजा ठेवू नका असे तोंडाने कसे म्हणायचे, म्हणून मी गप्प बसले. ते गप्प बसणे मला आजही सलते.

सहाव्या रोज्याला दुपारी फुफी उठेनात. अंगात ताकद नाही, उलट्या, रक्तदाब एकदम खाली, आणि पाठोपाठ झटका. मंचर, खेड, चाकण. चाकणच्या कोंडीत रुग्णवाहिका अडकली तेव्हा माझ्या ओठांवर एकच आयत होती आणि तीही नीट आठवत नव्हती.

झाले काय होते, ते नंतर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितले. दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या. एक तर गोळ्यांनी गाठ मुळीच विरघळत नव्हती. त्या फक्त पाणी अडवत होत्या. गोळ्या थांबल्या, पाणी परत आले. दुसरी गोष्ट आम्हाला अजिबात माहीत नव्हती. आपल्या शरीरात मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज स्वतःचे स्टिरॉइड बनवतात. बाहेरून गोळ्या मिळू लागल्या की त्या काम थांबवतात. काही आठवड्यांनंतर गोळ्या अचानक बंद केल्या तर ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत आणि शरीराकडे ना बाहेरचे स्टिरॉइड असते ना आतले. अशाने जीव जाऊ शकतो. म्हणून हे औषध डॉक्टर एक-एक पायरी उतरल्यासारखे कमी करतात. आपल्या मनाने डोस कमी करायचा नाही, वाढवायचा नाही, बंद तर नाहीच. आणि तोंडाने घेतलेली गोळी उलटीतून पडली, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे.

स्टिरॉइडचे तोटे खरे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. साखर वाढते, ज्यांना कधी नव्हती त्यांचीही. झोप उडते, म्हणून बहुतेक वेळा दिवसाचा शेवटचा डोस दुपारीच देतात. चेहरा गोल होतो, मांड्यांतली ताकद जाते, संडासात बसून उठताना आधार लागतो, चिडचिड होते, जंतुसंसर्ग लवकर होतो. पोट जपावे लागते. गोळी जेवणासोबत घ्यायची आणि डोके दुखते म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून तिच्यासोबत घ्यायची नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पण या सगळ्यावरचा उपाय गोळी फेकून देणे हा नाही. डॉक्टर हे औषध कमीत कमी दिवस द्यायलाच पाहतात. ऑपरेशनची तारीख आम्ही पुढे ढकलत होतो, म्हणजे ज्या औषधाची भीती वाटत होती त्याचेच दिवस वाढवत होतो.

रोज्याबद्दल मी फतवा देणारी कोण? पण सूरह बकरामध्ये जिथे रोजे फर्ज झाल्याचा उल्लेख आहे, तिथेच पुढच्या आयतींत आजारी माणसाला आणि मुसाफिराला सवलत आहे, हे आपण सगळेच वाचतो. बरे झाल्यावर कजा, बरे होण्याची आशाच नसेल तर फिदया. तुमच्या बाबतीत काय लागू होते ते आलिमांना विचारा आणि विचारताना अर्धवट सांगू नका. "अम्मींना जरा डोकेदुखी आहे" असे विचारले तर उत्तर वेगळे येईल. मेंदूला सूज आहे, दुपारी डोस आहे, डॉक्टरांनी उपाशी राहू नका म्हटले आहे, असे विचारा. आणि डॉक्टरांकडे रमजानच्या आधीच जा. आपल्याकडे रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो तेव्हा रोजा तेरा तासांच्या आसपास असतो. कोणाच्या कोणत्या गोळ्या सहरी आणि इफ्तारला बसवता येतील आणि कोणाच्या नाही, हे डॉक्टरच सांगू शकतात. फुफींना शहरातल्या मौलाना साहेबांनी फोनवर समजावले तेव्हा कुठे त्यांचा जीव शांत झाला. आमचे सांगणे त्यांना पटले नव्हते.

ऑपरेशन ईदच्या आधी झाले. कवटीचा तुकडा काढून गाठ काढली, तुकडा परत बसवला. मला वाटले होते की गाठ गेली की सूज त्याच दिवशी जाईल. तसे नसते. ती ओसरायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, ऑपरेशननंतर थोडे दिवस ती वाढूही शकते. म्हणून स्टिरॉइड आणि झटक्याच्या गोळ्या नंतरही काही काळ चालतात. झटक्याच्या गोळ्या फुफींना अजून चालू आहेत.

पैशांचे सांगायला हवे, कारण 'कवटी उघडायची कशाला' यामागे तीही भीती होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या गाठींच्या शस्त्रक्रिया आहेत. रुग्णालय योजनेतले असले पाहिजे. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी जायचे, पैसे भरून नंतर नाही. रेशनकार्डावर सासूबाईंचे नाव आहे का, आधारवरच्या नावाशी जुळते का, हे आजच बघून ठेवा. आपल्या घरांत एका कागदावर बेगम, दुसऱ्यावर बी आणि तिसऱ्यावर नुसतेच नाव, हा घोटाळा नेहमीचा आहे. आमचे दोन दिवस त्यातच गेले.

भगिनींसाठी आणखी एक. मेनिन्जिओमाच्या बऱ्याच गाठींना स्त्रियांच्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची ओढ असते. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावाने दर तीन महिन्यांनी जे पाळणा लांबवण्याचे इंजेक्शन मिळते, त्यात त्याच प्रकारचे औषध आहे. 2024 मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की वर्षभर किंवा जास्त काळ हे इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये ऑपरेशन करावी लागणारी मेनिन्जिओमा सुमारे साडेपाच पटीने जास्त आढळते. मुळात हा आजार इतका विरळ आहे की साडेपाच पट होऊनही धोका थोडाच राहतो. त्यामुळे घाबरून इंजेक्शन सोडू नका. पण जिला ही गाठ आहे किंवा पूर्वी होती, तिने डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे.

आणि ऑपरेशननंतर एमआरआय चुकवू नका. या गाठीला मेनिन्जिओमा हे नाव 1922 मध्ये देणारे सर्जन हार्वे कुशिंग यांनी 1910 मध्ये लिओनार्ड वूड या अमेरिकन सेनाधिकाऱ्याची अशी गाठ काढली होती. (फिलिपिन्समधल्या मोरो मुसलमानांवर 1906 मध्ये बुड दाजोला जो कत्लेआम झाला, तो याच वूडच्या हुकुमतीखाली. इतिहासात माणसे अशी भेटतात.) वूड बरा झाला, त्याच वर्षी सेनाप्रमुख झाला. गाठ हळूहळू परत वाढली आणि 1927 मध्ये दुसऱ्या ऑपरेशननंतर तो गेला. तेव्हा आत डोकावायला एमआरआय नव्हता. आज आहे.

फुफी आता पहिल्यासारख्या बोलतात, जरा जास्तच. राहिलेले रोजे त्यांनी डॉक्टरांना विचारून हिवाळ्यात, दिवस लहान असताना, एकेक करून फेडले. वास मात्र परत आला नाही. त्या नसा इतकी वर्षे दबून राहिल्या की पुन्हा जिवंत होतील असे डॉक्टर म्हणत नाहीत. फुफींनी त्यावर सोय केली आहे. दूध तापवायच्या आधी नातीला हाक मारतात, पातेले तिच्या नाकाखाली धरतात आणि विचारतात, "देख बेटा, फट्या तो नहीं?" गॅसची शेगडीही आता नातच बंद करते. डाळ फुफीच करतात, चव तीच आहे.